नवमीला थांबलेला लंबक

आमच्या बैठकीतल्या एका खिळ्यावर दोन घड्याळांचा दावा होता. त्यावर टांगलेले किल्लीचे घड्याळ वडिलांचे. ते दरबारच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. संस्थान विलीन झाले, त्यांचा रुबाब तेवढा विलीन व्हायचा राहिला होता. दुसरे घड्याळ मी घरी बनवलेले. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. रचना सोपी होती : लंबकाच्या तळाशी चुंबक, त्याखाली तारेचे वेटोळे. चुंबक वरून जाताना वेटोळ्यात किंचित वीज उपजते. ती ट्रान्झिस्टरला जागे करते, आणि तो सेलमधली वीज वेटोळ्यात सोडून लंबकाला हलका धक्का देतो. किल्ली नाही.

वडिलांनी अट घातली. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत माझे घड्याळ रेडिओच्या वेळेपासून मिनिटभरही ढळले नाही, तर खिळा माझा. ढळले, तर ते माळ्यावर. तोवर ते दाराशेजारी टांगले. रोज सकाळी बातम्यांपूर्वी वडील चष्मा लावून, परीक्षकाला शोभेल अशा आकसाने त्याच्यासमोर उभे राहत. अष्टमीपर्यंत त्यांना काहीच सापडले नाही.

खंडेनवमीला आईने घरातल्या यंत्रांची पूजा केली. पूजलेले यंत्र त्या दिवशी चालवायचे नाही, असा आमच्याकडे नियम. मी सराफ्यातून परतलो, तर शिलाई मशीन आणि सायकलीच्या जोडीने माझ्या लंबकालाही कुंकू लागले होते, आणि सेल काढून अक्षतांच्या ताटलीत ठेवले होते.

वडील प्रसन्न होते. अशा वेळी ते मला भिया म्हणत.

"दोन घंटे मागे आहे, भिया. माळा झाडून ठेव."

बंद पडणे आणि बंद करणे या भिन्न क्रिया आहेत, असे मी समजावले. अटीत तसा भेद नव्हता, म्हणे. तेव्हा आईने त्यांना विचारले, मग तुमच्या घड्याळाला हात का लावू दिला नाही? ते यंत्र नव्हे, घरातले माणूस आहे, असे उत्तर मिळाले.

"माणसाला किल्ली लागते का हो?" असे म्हणून तिने त्यांचाही लंबक बोटाने थांबवला आणि त्याला कुंकू लावले.

उरलेला दिवस घरात वेळ नव्हती. जेवण मात्र वेळेवर झाले.

दसऱ्याला सकाळी उठून पाहतो, तर वडिलांनी माझ्या घड्याळात सेल बसवले होते. त्यांनी लंबकाला जेमतेम बोट लावले. इवलासा झोका कोणीही न ढकलता वाढत वाढत पूर्ण झाला. त्यांनी लंबक धरून थांबवला, पुन्हा सोडला. मग आणखी एकदा. तेवढ्यात बातम्या होऊन गेल्या आणि वेळ लावायची राहून गेली.

"खिळा घे," ते म्हणाले. "पण सेल मी बदलणार."