मागचा बाक

वाशीमची मोटार फक्त बाजाराच्या दिवशी शिरपूरला येई. गणपतकाकाजी सगळ्यांच्या आधी तिच्यात चढत आणि थेट मागच्या बाकावर जाऊन बसत. चाकावरचा, हाडं खिळखिळी करणारा बाक. कंडक्टर ओरडे, "काकाजी, पुढं या ना! तुमची जागा ठेवली." काकाजी तिथूनच म्हणत, "तूच बस तथी. मले अथीच बरं."

हा माणूस अठरा वर्षं आफ्रिकेत, रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. परत आला तो एक ट्रंक आणि एक फोटो घेऊन. फोटोत काळी मोटार आणि तिला टेकून काकाजी. स्वतःची मोटार! आमच्या गावात कुणाच्या सात पिढ्यांत नव्हती. आणि हाच माणूस इथे सगळ्यात वाईट बाकावर धक्के खात होता. मला त्याचा उलगडा होत नव्हता, आणि उलगडा न होणाऱ्या गोष्टींचा मला राग येतो.

तेव्हा आमची चळवळ जोरात होती. जऊळका स्टेशनापर्यंत रोज बस मिळालीच पाहिजे! आजारी माणूस बैलगाडीत कण्हत स्टेशन गाठतो आणि तोवर गाडी सुटलेली असते. हे किती दिवस चालणार? पत्रक मीच लिहिलं होतं : 'मोटार ही मूठभरांची चैन, बस हा जनतेचा हक्क!' अर्जावर पहिली सही काकाजींची हवी होती. परदेशात मोटार बाळगलेला माणूस इथे बस मागतो, हे अर्ज मंजूर करणाऱ्या अकोल्याच्या साहेबाला दिसलं पाहिजे.

काकाजींनी पत्रक दोनदा वाचलं.

"चैन कायची रे, बाबू? तथी बशीत पुढं गोरे बसत, आमी मागं. पाटीच होती तशी. लय वर्षं बसलो. मंग मोटार घेतली."

माझं डोकं तापलं. पेन्सिल काढली. "काकाजी, हे छापतोच!"

"मंग पुढचं बी छाप. कारखान्यात माह्या हाताखाली कामाऊ नावाचा एक जन होता. तथलाच माणूस, काळा. त्याले रोज मोटारीतून नेत होतो. मागं बसवून. माह्या बाजूची जागा रिकामी. पाच वर्षं. माह्या मोटारीत कोन पाटी लावली होती, सांग?"

मी पेन्सिल खिशात ठेवली.

"एक दिवस ध्यानात आलं. त्याले म्हटलं, पुढं बस. तो बसेच ना. मंग मोटार विकली." काकाजींनी पत्रक माझ्या हातात दिलं. "सही करतो. पन एक ओळ घाल. बशीत कोनी कोनासाठी उठनार नाही."

मी ती ओळ आमच्या चळवळीच्या समितीपुढे ठेवली. पाटील हसले. "तुमी बस मागून राह्यले का भांडन?" सगळेच हसले. मीही हसलो, हे लिहायलाच हवं. काकाजींना जाऊन सांगितलं, "आधी बस तर येऊ द्या! ते मागाहून पाहू."

"पाहा," ते म्हणाले. सही केली नाही. मी चारचौघांत त्यांना सनकी म्हातारा म्हणालो.

बस आली. तीही त्यांच्या सहीवाचून! पहिल्या दिवशी बसला हार, ड्रायव्हरला हार, मलाही हार. मी चढलो. पुढच्या बाकावर गावाबाहेरच्या वस्तीतला किसन बसला होता. आमच्या सभांची दवंडी याच किसनने डफडं वाजवत गावोगाव दिली होती. मला पाहून तो उठला. कुणी उठवलं नाही, कुणी काही बोललं नाही. मी बसलो. जयघोष चालू होता. मी मागे वळून हात हलवला, तेव्हा मागच्या बाकावर काकाजी दिसले. किसन चाकाजवळ खाली बसत होता आणि काकाजी सरकून त्याच्यासाठी जागा करत होते.

जऊळक्याला उतरल्यावर ते माझ्याजवळ आले. माझा हार नीट केला. "तथी पाटी लागत होती, बाबू," ते म्हणाले. "अथी ते बी नाही लागत." आणि स्टेशनात गेले.

पुढच्या वर्षी काकाजी वारले. ती ओळ मी अजून कुठेही छापलेली नाही. पत्रक काढायचं तर कुणाविरुद्ध? कंडक्टरविरुद्ध? सरकारविरुद्ध? किसनविरुद्ध? दहा वेळा लिहायला बसलो, दहा वेळा कागद फाडला.

आता मी चढलो की किसन उठतो. मी म्हणतो, "बस, भाऊ, बस." तो म्हणतो, "असू द्या, तुमी बसा." तो बसत नाही, मीही बसत नाही. दोघंही दांडी धरून उभे. पुढचा तो बाक जऊळक्यापर्यंत रिकामा जातो.