भारी शब्दांची वही

आमच्या खारवीवाड्यातला पहिला बी. ए. मी. दुसरा व्हायला पुढे नऊ वर्षं लागली, आणि हा उशीर माझ्यामुळे झाला असं वाड्यात अजून बोललं जातं. ते खोटं आहे. (निम्मं तरी खोटं आहे.) तेव्हा काय झालं ते एकदा मीच लिहून टाकतो.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मुंबईची आगबोट रत्नागिरीला आली की दूर खोल पाण्यात थांबायची. उतारू आणि सामान तिथून पडावात, म्हणजे मोठ्या होडीत उतरवायचं आणि किनाऱ्याला आणायचं. माझे वडील, म्हणजे सगळ्या वाड्याचे तात्या, अशाच एका पडावाचे तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके. शाळा दुसरीपर्यंत. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी पडावावर नवं निशाण चढवलं आणि भेटेल त्याला सांगितलं, "आता आमच्या घरात इंग्रजी संपलं! सगळं शिकून झालं!"

अशा घरात गुणाजी आला. थेट मॉरिशसहून! त्याचा आजा आमच्याच वाड्यातून तिकडे ऊस तोडायला गेलेला. गुणाजी आजाचं गाव बघायला म्हणून आला आणि माझ्या बहिणीला, शेवंतीला बघून राहिला. आजाकडून शिकलेलं मराठी तो बोलायचा, त्यामुळे पंचविशीतला हा गडी सत्तरीतल्या म्हाताऱ्यासारखा वाटायचा. बाकी सगळं फ्रेंच. (तिथे राज्य इंग्रजांचं आणि बोलणं फ्रेंच. आपल्याला काय करायचंय!)

शेवंती तयार, आई तयार. तात्या मात्र अडून बसले.

"पोर समुद्रापार देणार नाय. त्याला हिकडं नोकरी लागली तर लगीन. नायतर त्यानं आला तसा जावं."

नोकरी एक होती. आगबोटीच्या कंपनीला बंदरावर मुकादम हवा होता. आगबोट आली की पडाव नीट लावून घ्यायचे आणि वरून इंग्रजीत ओरडणाऱ्या कप्तानाचं ऐकायचं. गुणाजीचा जन्म होड्यांत गेलेला, लिहितावाचताही यायचं. कमी होतं ते फक्त इंग्रजी. परीक्षा घ्यायला मुंबईहून गोरा साहेब येणार होता, आठ दिवसांनी.

मी उभा राहिलो. "तात्या, आठ दिवसांत ह्याला तयार नाही केलं तर माझी पदवी समुद्रात टाका!"

"पदवी कशाला?" शेवंती म्हणाली. "तुलाच टाकीन."

माझ्याकडे एक जाड वही होती. कॉलेजची चार वर्षं मी तिच्यात भारी भारी इंग्रजी शब्द उतरवून घेतले होते. एकेक शब्द असा, की उच्चारताना मध्ये श्वास घ्यावा लागे. ते पाठ करताना मी दिव्याखाली डोळे फोडले होते. पहिल्याच दिवशी मी ठरवलं, ह्याला एकदम वरच्या पायरीवर न्यायचं. घसा साफ केला आणि म्हणालो, "मॅग्निफिसन्स!"

गुणाजी खुलला. "मान्यिफिसांस! हे तर आमचंच, दादानू!"

मी जरा वरचा काढला. "इंडिस्पेन्सेबल!"

"अँदिस्पांसाब्ल!"

आता मी इरेला पेटलो. वहीच्या शेवटच्या पानावरचा, प्रोफेसरांनाही घाबरवणारा शब्द काढला. "परस्पिकॅसिटी!"

"पेर्स्पिकासिते," तो म्हणाला आणि आईनं पुढे ठेवलेली काकडी खाऊ लागला.

चार वर्षं घासून मी जे मिळवलं, ते ह्याला आईच्या दुधाबरोबर फुकट मिळालेलं! कोणाही शहाण्या माणसाला इथे कळलं असतं की ज्याला भारी इंग्रजी अगोदरच येतं, त्याला दुसरंच काहीतरी शिकवायला हवं. मला वेगळंच कळलं. मला कळलं की मी फार मोठा शिक्षक आहे. चौथ्या दिवशी वही संपली आणि मी वाड्यात जाहीर केलं, "चार वर्षांचा अभ्यास चार दिवसांत पुरा करून घेतला!"

तात्या जाळं विणत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "दोरी सैल सोड, ह्याला काय म्हनायचं ते सांगितलंस का त्याला?"

"तात्या, तसले लहानसहान शब्द बी. ए.ला नसतात."

"पडावावर असतात."

"पदवीधरानं काय शिकवायचं ते पदवीधराला ठरवू द्या!"

तात्या गप्प बसले. (ते गप्प बसले की काहीतरी बुडतं, हा आमच्या घरचा अनुभव.) उरलेले चार दिवस मी गुणाजीला तेच शब्द छाती पुढे काढून कसे म्हणायचे ते शिकवलं.

परीक्षेचा दिवस आला. साहेब किनाऱ्यावर उतरायलाच तयार नाही. म्हणाला, उमेदवाराला घेऊन आगबोटीशी या. आम्ही तात्यांच्या पडावातून निघालो. पुढे नाळीवर इस्त्रीचा कोट घातलेला गुणाजी, त्याच्या मागे वही घेतलेला मी, सुकाणूवर तात्या. शेवंतीही आली होती. "माझं लगीन हाय, मी बघणार," एवढंच म्हणाली आणि मुंबईला पाठवायच्या कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून बसली.

लाटा उंच होत्या. आगबोटीची काळी भिंत जवळ येत होती. वरून साहेबानं दोरी फेकली आणि ओरडला, "फेंडर! फेंडर!"

गुणाजीनं मागे माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे बघितलं. वहीत 'एफ'खाली 'फॅसिनेशन' होतं, 'फिलॉसफी' होती. फेंडर नव्हतं!

"स्लॅक ऑफ! स्लॅक ऑफ, यू फूल!"

यातला शेवटचा शब्द मला कळला. माझ्या पदवीचा अपमान झाला होता. मी ताडकन उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "ऑनरेबल सर, वुई आर एक्सीडिंगली..."

"बस खाली, मेल्या!" तात्या ओरडले.

पडावात उभं राहू नये हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. मलाही होतं, पण इंग्रजी भाषण बसून करत नाहीत, हेही मला माहीत होतं! लाट आली. पडाव आगबोटीवर आपटला, खुराडं उघडलं, कोंबड्या साहेबाच्या दिशेनं उडाल्या, आणि मी वहीसकट विरुद्ध दिशेला गेलो.

पाण्यातून वर आलो तेव्हा तात्यांचा आवाज ऐकला. दुसरी शिकलेले माझे तात्या चक्क इंग्रजी बोलत होते! "स्लॅक! स्लॅक! होल्ड! नाऊ हीव्ह!" आणि आमचे खलाशी धक्का झेलायला काथ्याचा जाड गुंडाळा पडावाच्या कडेला सोडत होते. तोच तो फेंडर. जन्मापासून मी त्यावर डोकं टेकून झोपलेलो.

मला कॉलरीत आकडा अडकवून वर काढलं. साहेब कठड्यावरून वाकून बघत होता. गुणाजीनं छाती पुढे काढली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाला, "सर, धिस इन्सिडंट इज एक्स्ट्रीमली रिग्रेटेबल!"

साहेब हसून लालबुंद झाला. म्हणाला, "हा माणूस एखाद्या बड्या पाद्र्यासारखा बोलतो, पण दोरी सोड म्हटलं तर कळत नाही! कोणी शिकवलं याला?"

तात्यांनी बोट दाखवलं. माझ्या कोटातून पाणी गळत होतं. मी मान ताठ ठेवली. शब्द सगळे बरोबर होते, उच्चार बरोबर होते. लाट चुकीची आली, त्याला मी काय करू?

"आणि ते इंग्रजी कोण बोललं?" साहेबानं सुकाणूकडे बघितलं. "या म्हाताऱ्याला येतं तेवढं इंग्रजी ह्याला येऊ दे. पुढच्या फेरीला पुन्हा बघतो."

किनारा आल्यावर शेवंती म्हणाली, "उद्यापासनं शाळा तात्या घेणार. भाऊ, तूपण बसायचंस."

"मी? मी पदवीधर..."

"तू पयला बसायचंस!"

दुसऱ्या दिवसापासून उलट्या घातलेल्या पडावाच्या सावलीत वर्ग भरला. हातात दोरी देऊन तात्या शब्द सांगायचे. चुकलं की तीच दोरी पाठीवर. पंचवीस शब्द, त्यांत एकही दोन बोटांहून लांब नाही. पण ते माझ्या डोक्यात राहीनात, आणि गुणाजीच्याही. भारी शब्दांसारखा एकाचाही फ्रेंच भाऊ निघेना! पहिल्यांदाच आम्ही दोघं एका पायरीवर आलो होतो. शेवंती मासे सुकत घालता घालता सगळं ऐकायची आणि आम्ही अडलो की लांबूनच उत्तर फेकायची.

आगबोट यायच्या आदल्या दिवशी तात्यांनी तिघांची तोंडी परीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी साहेब ओरडला, गुणाजीनं फेंडर टाकला, दोरी घेतली, सोडली, ओढली. एकही भारी शब्द न बोलता नोकरी मिळवली. महिन्याभरात लग्न झालं. वरातीत वाड्यातली माणसं मला विचारत होती, "काय बीए, तात्यांच्या शाळेचा निकाल काय लागला?"

मी काही लाजलो नाही. शेवंती पहिली आली, गुणाजी दुसरा. आणि मी छातीवर हात ठेवून सांगितलं, आजही सांगतो: पहिल्या तिघांत आलो!