घाटकोपरच्या टेकडीवर एकदाच विचारलेला प्रश्न

कान्हेरीला कसं जायचं, असं गेल्या महिन्यात तिघींनी विचारलं. सांगते. पण मी तिथे गेले ती ऐंशीच्या दशकात, आणि ज्या रविवारी गेले त्या रविवारी मी दुसरीकडे असायला हवी होते. लेणी झकास आहेत, लेण्यांबद्दल तक्रार नाही. तक्रार माझ्याबद्दल आहे आणि ती आजवर कुठे लिहिली नव्हती.

सांगलीला संख्याशास्त्राची पदवी हातात पडली आणि घरात लगेच स्थळांची बोलणी सुरू झाली. कॉलेजच्या नोटीसबोर्डवर एक कागद दिसला. मुंबईत मुलुंडला लोकसंख्या आणि सार्वजनिक आरोग्य शिकवणारी विद्यापीठाची एक संस्था होती. तिला झोपडपट्ट्यांमधून घरोघर फिरून माहिती भरायला मुली हव्या होत्या. दोन फेऱ्या, मध्ये चार महिन्यांचं अंतर, राहायची सोय त्यांची. मला आरोग्याशी काही देणंघेणं नव्हतं, मला मुंबई बघायची होती. बाबांना म्हटलं, सरकारी काम आहे. सरकारी म्हटलं की बाबा विरघळायचे.

सकाळच्या एसटीने निघाले. कराडला चहा, पुण्याला भूक, घाटात गाडी तापली म्हणून अर्धा तास रस्त्याकडेला. कुर्ल्याला उतरले तेव्हा अंगाचं पार भरीत झालं होतं. होस्टेलवर माझ्या खोलीत नलू होती, बोरिवलीची मुलगी. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"ए सांगली, ते भाकऱ्यांचं गाठोडं खाटेखाली टाक. इथे राईसप्लेट मिळते, उपाशी नाही मरणार तू."

ती राईसप्लेट स्टेशनजवळच्या खानावळीत पाच रुपयांना मिळायची. आमटी पातळ, पण पुन्हा मागितली तर ना नाही. पुढचे तीन आठवडे मी त्यावरच काढले.

पहिले दोन दिवस शिकवणी. आमचे पाटणकर सर बारीक, शांत, पानाचे शौकीन. त्यांनी फॉर्ममधला एक प्रश्न फळ्यावर लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या. जन्मलं, रडलं आणि नंतर गेलं असं एखादं मूल आहे का?

"हा प्रश्न दोनदा विचारायचा," सर म्हणाले. "बारशाआधी गेलेलं मूल आपल्याकडे कुणी मोजत नाही. नाव ठेवलं नाही, म्हणजे ते झालंच नाही. बाई खोटं बोलत नसते, तिला घरच्यांनी तसं शिकवलेलं असतं. आणि शेजारी सासू बसली असेल तर फॉर्म पुरा करू नका. सासू घरात नसताना परत जा."

त्या प्रश्नाला एक पिवळी चिठ्ठी जोडलेली होती. बाई गरोदर असेल आणि आधीचं एखादं तान्हं गेलेलं असेल, तर ती चिठ्ठी भरायची. मग आमच्या प्रकल्पाच्या सिस्टर त्या घरी स्वतः जायच्या, धनुर्वाताची दोन इंजेक्शनं द्यायच्या, बाळंतपण कुठे करायचं ते सासूला समजावायच्या. सगळ्या वस्तीला सिस्टर एकच, त्यामुळे चिठ्ठी नसलेल्या बायकांना आम्ही फक्त एवढंच सांगायचं, की खाली दवाखान्यात जाऊन सुई टोचून घ्या.

आमच्या वाट्याला घाटकोपरची एक टेकडी आली. स्टेशनपासून बस, मग पायवाट, मग दगडांच्या पायऱ्या. पायऱ्या कसल्या, जो तो आपल्या दारापुरता दगड टाकून मोकळा झालेला. एका बाजूने गटार उतरायचं, दुसऱ्या बाजूने आम्ही चढायचो. जाणार असाल तर चपला घालू नका, बूट घाला, हे मी तेव्हा शिकले आणि पायही मुरगळून घेतला. वरून दिसणारं मात्र डोळ्यांत मावत नाही. खाली सगळं उपनगर, लांब खाडीची चकाकी आणि वारा. कोकणातून गिरणीत कामाला आलेली माणसं तिथे वर राहत होती. संप होऊन गेला होता, पुरुष मिळेल ते काम करत होते, पण प्रत्येक घरात चहा होत होता. नको म्हटलं तर राग यायचा.

शनिवार उजाडला. रविवारी नलू मला कान्हेरीला नेणार होती. अट एकच होती, शनिवारी संध्याकाळपर्यंत आठवड्याचे सगळे फॉर्म जमा करायचे. जिचा अर्धवट राहील तिने रविवारी वस्तीवर यायचं. माझं एक घर उरलं होतं.

दारातच म्हातारी तांदूळ निवडत बसली होती. आत तिची सून सुशीला, माझ्याच वयाची, सहावा महिना.

"काय व्हया गे तुका?" म्हातारीने विचारलं. मी सांगितलं. "मगे माका इचार. तिका काय कळता?"

मी सुशीलाकडे बघून विचारलं, मुलं किती. उत्तर म्हातारीनेच दिलं.

"दोन चेडवां. दोनव धडधाकट." मी फॉर्मवर लिहिलं, दोन मुली.

"आणखी एखादं? झालं आणि गेलं असं?"

"नाय गे बाय. दोनच."

सुशीला स्टोव्हला पंप मारत होती, तो हात थांबला. मी ते पाहिलं. आता हे कुणाला खरं वाटो न वाटो, मी ते अगदी नीट पाहिलं. दवाखान्यात जाऊन सुई घ्या म्हणाले, तर म्हातारी म्हणाली, "बघूया." चहा घेतला आणि निघाले. सुशीला मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "ताई, सोमवारी याल? सासूबाई सोमवारच्या बाजाराला जातात."

"बघते हां," मी म्हटलं.

चार पायऱ्या उतरले, भिंतीला फॉर्म टेकवला आणि गेलेल्या मुलांच्या चौकटीत शून्य लिहिलं, म्हणजे पिवळी चिठ्ठीही नाही. अर्धवट ठेवला असता तर रविवार गेला असता. एवढा साधा हिशोब होता आणि तो करायला मला एक क्षणही लागला नाही.

कान्हेरी मात्र बघाच. बोरिवलीला उतरून नॅशनल पार्कच्या फाटकापर्यंत चालत जा, आतली बस मिळाली तर देव पावला, नाहीतर दोन तास चाला. आम्ही चाललो. वाटेत आदिवासी बायका काकड्या विकतात, उभी चिरून मीठ-तिखट भरून देतात. लेण्यांत पाण्याची टाकी खोदलेली आहेत, दुपारीसुद्धा गार. आम्ही ओरडून आवाज घुमवला, माकडाने नलूची काकडी पळवली, मी पोट धरून हसले. इतका चांगला दिवस मला नंतर फार कमी वेळा मिळाला, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते.

सोमवारी मला दुसरी गल्ली दिली होती. सुशीलाची आठवण झाली नाही असं म्हणणार नाही. झाली. पण तो फॉर्म जमा झाला होता, आणि जमा झालेला फॉर्म परत मागायचा म्हणजे सरांना कारण सांगावं लागलं असतं. मी गेले नाही.

चार महिन्यांनी दुसरी फेरी. तीच घरं, आता विचारायचं एवढंच, की गरोदर बायकांचं काय झालं. सुशीलाच्या दाराशी पोचले तर म्हातारी नव्हती. सुशीला एकटीच मुलींचे केस विंचरत होती. मी हसून विचारलं, "काय झालं मग? मुलगा का मुलगी?"

"मुलगा," ती म्हणाली. "आठव्या दिवशी गेला. तोंड मिटलं, दूध ओढेना, अंग ताठ झालं. आधीचा पण असाच गेला होता. तो पण आठव्याच दिवशी."

हा धनुर्वातच होता. दोन्ही बाळंतपणं घरी, नाळ कापायला घरातलंच ब्लेड. त्या दोन सुया वेळेवर मिळाल्या असत्या तर बहुतेक जगला असता. हे मला शिकवलं होतं, मला पाठ होतं, परीक्षेत विचारलं असतं तर मला पैकीच्या पैकी मिळाले असते.

"दवाखान्यात नाही गेलात?" मी विचारलं. काय तोंडाने विचारलं कोण जाणे.

"एकटीला कोण सोडतंय? म्हणून तर तुम्हाला बोलावलं होतं. मी सोमवारी नळावरसुद्धा गेले नाही, घरीच थांबले होते."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती मुलीची वेणी घालत राहिली. मी फॉर्म काढला आणि दोन्ही मुलगे लिहिले. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"आता लिहिलंत ना? मग पुढच्या खेपेला शेजारणीकडे आल्या तशा त्या सिस्टर माझ्याही घरी येतील ना?"

"येतील," मी म्हटलं.

संध्याकाळी सरांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. पान थुंकून आले आणि म्हणाले, "पहिली फेरी बंद झाली. ते शून्य आता तसंच राहील. हे तू आयुष्यभर लक्षात ठेव, मी आणखी काय बोलू?" दुसऱ्या दिवशी, निघायच्या दिवशी सकाळी मी सिस्टरना गाठायला घाटकोपरला गेले. त्या दवाखान्यात इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. सुशीलाचं नाव, घर, खूण सगळं सांगितलं.

"अगं, माझी नेमणूक तुमच्या प्रकल्पापुरतीच," त्या म्हणाल्या. "या महिन्याअखेर मी इथून जाणार. पुढे घरोघर फिरायला कोणी नाही. तिला म्हणावं, कसंही करून दवाखान्यात ये, नवऱ्याला घेऊन ये, पण कोणाची वाट बघत बसू नको."

माझी एसटी दुपारी दोनची होती आणि तेव्हा साडेदहा वाजले होते. टेकडी वीस मिनिटांची. बसस्टॉपवर उभी राहून मी त्या पायऱ्यांकडे किती वेळ बघत होते, सांगता येणार नाही. जाऊन तिला काय सांगणार होते? की काल पुन्हा खोटं बोलले म्हणून? कुर्ल्याची बस आली आणि मी चढले.

सांगलीला घरी माणसं जमली होती. आईने विचारलं, मुंबई कशी आहे. मी म्हटलं, मोठी आहे. पुढे मी याच कामात राहिले, अनेक मुलींना फॉर्म भरायला शिकवलं, तो प्रश्न दोनदा विचारून घेतला. लोक म्हणतात, चूक सुधारलीत. माझी सुधारली असेल. सुशीलाला मात्र मी कोणीतरी येईल असं सांगून आले, आणि कोणी येणार नाही हे मला कळलं तेव्हाही तिच्या घरापासून मी वीस मिनिटांवर होते.