कोंडवाड्याच्या आबांचे चौदा रकाने

आमच्या तापीकाठच्या गावात गुरांना त्यांच्या मालकांपेक्षा जास्त ओळखणारा माणूस एकच होता, आणि त्याच्या स्वतःच्या दारात मात्र शेळीसुद्धा नव्हती. ते म्हणजे कोंडवाड्याचे आबा. केळीत नाहीतर कपाशीत शिरलेलं मोकाट जनावर लोक ओढत पंचायतीच्या कोंडवाड्यात आणत आणि आबा त्याची वहीत नोंद करत. नोंद कसली, पत्रिकाच मांडत! आधी जनावराभोवती तीन फेऱ्या, मग समोर उकिडवं बसून विडी संपेपर्यंत नुसतं बघणं, मग बादली पुढे सरकवून ते पाणी कसं पितं ते न्याहाळणं. ज्याची केळी खाल्ली गेली तो बाजूला चरफडत असायचा. आबा त्याला म्हणत, "थांब रे भाऊ, त्यानी आजून शेपटी हालाडी नही."

छापील वहीत रकाने पाचच होते: जात, रंग, शिंगं, वय, तारीख. आबांनी पट्टी धरून त्यांचे चौदा केले होते. भोवरा कुठे, बसताना आधी कुठला पाय दुमडतं, हाकेला कान हलवतं की मान, असलं सगळं त्यात. या सवयीतून माणसंही सुटत नसत. एकदा आमच्याकडे पाहुणा आला आणि कुलूप बघून आबांकडे चहा पिऊन परत गेला. त्याचं नाव विचारायचं आबांना सुचलं नव्हतं. "डावा खांदा उतरता शे," ते आईला म्हणाले, "बोलाना पहिले खाकरस, अन च्या बशीमा ओतीसन बी फुकस." आई म्हणाली, "अरे, हाऊ ते मन्हा भाऊ!" पुढे माझ्यासाठी मुलगी बघायला शहाद्याला जायचं ठरलं तेव्हा आबांना सोबत न्यायचं नाही, यावर आमच्या घरात प्रथमच सर्वांचं एकमत झालं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास मी मॅट्रिक होऊन पंचायतीत कारकून म्हणून लागलो. आबांची वही पाहून मला हसू आवरेना. ते आठ दिवसांसाठी नंदुरबारला लेकीकडे गेले, तेव्हा मी नवी वही काढली. सुबक अक्षर, पाच रकाने, एका ओळीत एक जनावर. सरपंचांनी कौतुकानं ती चारचौघांना दाखवली. त्याच आठवड्यात एक बैल आला. मी लिहिलं: बैल, तांबडा, शिंगं उभी, वय मध्यम. दुसऱ्या दिवशी शेजारगावचा एक शेतकरी आला. त्याचा बैल हरवला होता: तांबडा, उभ्या शिंगांचा, मध्यम वयाचा. मी सही घेऊन बैल सोडला.

तिसऱ्या दिवशी धडगावकडून मजुरीला उतरलेला एक पावरा आदिवासी आणि त्याची बायको आली. त्यांचाही बैल तांबडाच, शिंगंही उभीच. त्यांच्याकडे तो एकुलता एक होता. वहीत सगळं रीतसर आहे, असं मी त्यांना सांगितलं. ती दोघं कोंडवाड्याच्या फाटकाशी बसून राहिली. संध्याकाळी आबा गाडीतून उतरून परस्पर तिथेच आले.

"आबा, मन्ही चूक व्हयनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या माणसासमोर उकिडवं बसून त्यांनी विचारलं, "तुन्हा बैल पानी कसं पेस?"

"पहिले फुंकर मारस," तो म्हणाला. "मंग पेस."

सकाळीच आम्ही चौघं शेजारगावी चालत गेलो. आबांनी बादली मागवली. बैलानं पाण्यात तोंड घातलं, जोरात फुंकर मारली, पाणी उडालं आणि मग तो प्यायला. तो शेतकरीही सरळ माणूस होता. त्यानं बैलाच्या कपाळावर हात फिरवला, मानेमागे चाचपलं आणि म्हणाला, "मन्हा बैलले भोवरा आठे कपाळवर व्हता. याले ते मानमांगे शे. घी जा, भाऊ." पावऱ्याच्या बायकोनं बैलाच्या गळ्याला जी मिठी मारली, ती पाहून मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

परतताना मी विचारलं, पाण्याचा रकाना तुम्हाला सुचला कसा? आबांनी चालता चालता सांगितलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी एका विधवेची गाय रंग पाहून भलत्याच माणसाला दिली होती. ती पार सुरतेकडे विकली गेली. "बाई भांडनी नही," आबा म्हणाले. "दर बजारले ये अन इचारे, भाऊ, मन्ही गाय उनी का? तवय मी हाऊ रकाना आखा." मग बाकीच्या रकान्यांबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढे मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. शिक्षणाचे, रोगराईचे, कसले कसले तक्ते तयार करणं हेच माझं काम झालं. छापायला देण्याआधी प्रत्येक तक्ता मी टपालानं आबांना पाठवायचो. आठवड्याभरात तो परत यायचा, कडेला पेन्सिलीनं एखादा प्रश्न लिहिलेला, जसा शाळेतल्या मुलांच्या तक्त्यावर: "ज्या पोरीनं लगीन व्हयनं, तिले कोठे लिखशी?" मी कपाळाला हात लावायचो आणि नवा रकाना आखायचो. साहेब माझ्या हुशारीची तारीफ करत. मीही ती करू देत असे.

एकदा तक्ता परत आला तो कडेला काहीच न लिहिता. सोबत आबा गेल्याची, त्यांच्या लेकीची चार ओळींची चिठ्ठी होती. मी तो कागद दोन दिवस टेबलावर ठेवला, उलटसुलट पाहिला, बाजूला उकिडवा बसूनही पाहिला. मला त्यात काहीच चूक दिसेना. शेवटी तसाच छापायला दिला. त्यात जे राहून गेलं होतं ते आबांना एका विडीत दिसलं असतं; मला कळायला पुढची पाच वर्षं लागली.