बुरूज राहू दे

सोमवारी सकाळी अमरावतीहून भाऊजींचा फोन आला. ताई गेली होती. मी अकोल्याहून मिळेल त्या बसने निघाले.

मूर्तिजापूरला बस थांबली तेव्हा सवयीने हात फोनकडे गेला. तिथून मी तिला नेहमी कळवायची, आणि ती तवा ठेवायची. आज कळवायला कुणी नाही, हे मला तिथे, त्या स्टँडवर समजलं...

ताईला भटकंतीचा नाद होता. रविवार आला की भाऊजी मुकाट्याने गाडी काढत. चिखलदरा, सालबर्डी, नरनाळा. मागच्या सीटवर निळी सतरंजी, कणीक, वांगी आणि गोवऱ्यांचं पोतं. झाडाखाली जागा धरून ती गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजायला घालायची आणि मग आम्ही फिरायला निघायचो. फिरण्याचा तिचा एक नेम होता. कुठेही गेलं तरी एक ठिकाण मुद्दाम न पाहता सोडायचं. नरनाळ्याच्या किल्ल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने तोफ पाहायची सोडली. पुढच्या खेपेला तोफ पाहिली आणि तलाव सोडला. मी पुस्तकांत रमणारी. जायच्या आधी वाचून ठेवायची, त्यामुळे माझा जीव तुटायचा.

"सारं पाहून टाकलं त मंग पुन्हा यायचं कायले?" ती म्हणायची. "तू त शेवटच्या पानाबिगर पुस्तक खाली ठेवत नाही, सुमे."

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी तिच्या मुलाकडे, निखिलकडे, इंग्लंडला गेलो. तो राहतो त्या गावाचं नाव ताईला कधी नीट घेता आलं नाही. ती 'निखिलचं गाव'च म्हणायची. सतरंजी तिने सोबत घेतलीच होती. नदीतली बोट, फुलांची बाग, वाफेच्या इंजिनाची छोटी गाडी, सगळीकडे ती अंथरली गेली. "गोवऱ्या तेवढ्या नाही भेटत इथं," एवढीच तिची तक्रार. एका दुपारी आम्ही टेकडीवरचा किल्ला पाहायला गेलो. हिरवळीवर भाकरी आणि ठेचा काढला. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या जोडप्याला तिने आग्रहाने दिला. आजोबांना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी पुन्हा भाकरी पुढे केली. ताई मला म्हणाली, "पाह्य, आपल्यातलाच दिसते."

मग बुरूज चढायची वेळ आली. मी पायरीवर पाय ठेवला होता.

"बुरूज राहू दे," ती खालून म्हणाली.

"ताई, हे काय नरनाळा आहे? इथं पुन्हा कोण येते?"

तिने पर्समधून तिकिटं काढली. "निखिल म्हणे, हे वर्षभर चालते. तिकीटवाल्याईनंच सांगून ठेवलं, पुन्हा या म्हणून. अन् तू काहून रडून राहिली?"

मी रडत नव्हते. पण चिडले होते. तरी एकटीने चढावंसं वाटलं नाही. खाली उतरले. परतताना ती गाडीत वळून वळून त्या बुरुजाकडे पाहत होती, एखाद्याला भेटीचं कबूल केल्यासारखी.

तेराव्यानंतर निखिल परत जायला निघाला. "मावशी, तुझा व्हिसा आहे अजून. किल्ल्याच्या तिकिटाची मुदत संपायच्या आत ये. बुरूज पाहून घेऊ." तिच्याशिवाय चढले तर तिने राखून ठेवलेलं संपणार होतं. न जावं, तर तिने ते राखलं तरी कशाला...

भाऊजी पेपर वाचत होते. इतक्या सहलींत 'निघू या' पलीकडे त्यांचा शब्द मी फारसा ऐकला नव्हता. पेपर खाली न घेताच ते म्हणाले, "जाय तू, सुमन. बुरूज पाहून ये. पण सारं पाहून नको येऊ."

निखिल हसला आणि मग आत निघून गेला. मी भाऊजींना म्हटलं, "तुमीही चला." त्यांनी पान उलटलं. "पाहू," म्हणाले.

सतरंजी आता माझ्याकडे अकोल्याला आहे. परवा उन्हात घातली तेव्हा घडीतून वाळलेलं गवत पडलं. ते इकडचं की तिकडचं, मला ओळखता आलं नाही. मी झटकलं नाही. दोन्ही तिकिटं माझ्या पासपोर्टमध्ये ठेवली आहेत. पुढच्या महिन्यात निघायचं आहे. बुरूज अजून पाहायचा आहे.