मी हितं हाय

हे श्रीरामपूरच्या स्टँडवर बाकावर बसल्याबसल्या गेले. मला कळलं ते दिवस मावळताना. डेपोतला यांचा जुना कंडक्टर सांगायला वस्तीवर आला, तेव्हा मी शेजारणींबरोबर लसूण सोलत हसत बसले होते... ते हसणं अजून अंगाला चिकटून आहे.

जन्मभर यांनी एसटी चालवली. निघाले, पोचले, कधी कळवलं नाही. मी आपली दारात उभी राहायचे, पण मनातलं बोलायचा माझा स्वभाव नाही. रिटायर झाल्यावर मुलाने आम्हाला दिल्लीला नेलं. तो तिकडे मेट्रोत सिग्नलच्या कामावर आहे. बिनड्रायव्हरच्या गाडीत त्याने आम्हाला अगदी पुढे, काचेपाशी उभं केलं. गाडी आपली आपण पळत होती आणि यांचा उजवा पाय खाली ब्रेक शोधत होता.

"अन् म्होरं दुसरी गाडी उभी आसली तर?"

मुलगा म्हणाला, "आण्णा, प्रत्येक गाडी सारखी सांगत असते, मी इथं आहे. ते ऐकून मागची आपोआप थांबते."

माझ्या तोंडून निघून गेलं, "लई बरं हाय. घरच्या बाईला घोर न्हाई."

हे माझ्याकडे बघतच राहिले.

गावी आल्यावर यांचे फोन सुरू झाले. न्हाव्याकडून, गिरणीतून, पारावरून. "मी हितं हाय गं." एवढंच, की फोन बंद. दिल्लीची गोष्ट यांनीच गावभर केलेली. शेजारची सुमन म्हणायची, "आला का वैनी सिग्नल? इंजान कुटवर आलंय?" बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा जेवताना म्हटलं, "नका करू फोन. म्हातारपनी काय ही थेरं!"

"बरं," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

पुन्हा फोन आला नाही. ज्याची जन्मभर वाट बघितली, ते मी चार बायांच्या हसण्यापायी घालवलं.

त्या दिवशी हे गुरांच्या घासाचं बी आणायला गेले होते. कंडक्टरने यांचा फोन माझ्या हातात ठेवला. तो फोन आता भिंतीतल्या देवळीत असतो, मी रोज चार्जिंगला लावते. देताना कंडक्टरने सांगितलं, यांना घाम फुटलेला बघून बाकावरच्या बाईने विचारलं होतं, "बाबा, घरी फोन लावू का?"

हे म्हणाले, "नगं बाई. ती लाजती."