तीसच्या आत

मुलगी बघायला गेलो आणि निवडुंग घेऊन घरी आलो. हसा! आमचं अख्खं तेलगाव हसलं, तुम्हीही हसून घ्या.

झालं असं. बीडला मुलीच्या घरी पोहे झाले, चहा झाला, मोठी माणसं उसाच्या गप्पांत रमली आणि आम्हा दोघांना बोलायला म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत धाडलं. मी रेशीम करतो, एवढं कसंबसं सांगितलं. पुढं जीभ हलेना. खिडकीत तिची एक कुंडी होती, चहाच्या कपाएवढी. खाली हिरवा दांडका, वर लालभडक गोळा आणि काटेच काटे. मी म्हटलं, "लई भारी हाय." त्या भेटीतलं माझं सगळ्यात मोठं भाषण हेच!

ती हसली. म्हणाली, "माझी परीक्षा आहे, बाहेरगावी जाते. आले की माझा काय तो निर्णय सांगते. तोवर हे सांभाळाल? इथं पत्र्याखाली उकडून मरंल. फक्त तीसच्या आत ठेवा. ऊन नको, पाणी नको."

मी हो म्हणालो. त्या वेळी ती म्हणाली असती तर मी अंगणात बर्फ पाडायलाही हो म्हणालो असतो. खाली आल्यावर भानावर आलो. मे महिना, बीड जिल्हा आणि तीसच्या आत! आमच्याकडं त्या दिवसांत डबक्यातली म्हैससुद्धा तीसच्या आत नसते.

वाटेत वडिलांनी विचारलं, "काय म्हनली पोरगी?"

"तीसच्या आत ठेवा म्हनली."

"कुनाला, तुला?"

गावात तर मला तोंड काढायची सोय राहिली नाही. आमच्या बांधावर फड्या निवडुंग माजलाय, दरसाल कोयत्यानं तोडतो. आणि हा बाबा एवढासा निवडुंग कुंडीत घालून त्याला वारा घालतोय! हसेनात का. तो लाल गोळा वाळला तर मला नकार, हे मला पक्कं कळलं होतं. कुणाला सांगायची सोय नव्हती, पण मला ती मुलगी इतकी आवडली होती की जेवताना हातातला घास तसाच राहायचा.

पहिल्यांदा कुंडी माठाशेजारी ठेवली. तिथं माठ पाझरून सगळी ओल. कूलरपुढं ठेवली, तर कूलरनं तिच्यावर तुषार उडवले. लिंबाखाली नेली आणि वळून बघतो तर शेळी तिचा वास घेतीय. असा धावलो, असा धावलो, चपला मागं राहिल्या!

घरात थंड जागा एकच होती आणि ती आमच्यासाठी नव्हती. रेशमाचं शेड. भिंतींना ओली पोती, वर शेडनेट, छतावर पाण्याचा फवारा, मधे टांगलेला थर्मामीटर. आम्ही ओसरीवर घामानं निथळायचो आणि अळ्या सव्वीसवर आरामात तुतीचा पाला खायच्या. पण शेडावर राज्य आईचं. तिथं चपला बाहेर, हात धुऊन आत. अत्तर नाही, उदबत्ती नाही, वडिलांची तंबाखू तर नाहीच नाही. मी कुंडी घेऊन दारात उभा राहिलो.

"आत आनू नको," आई म्हणाली. "नर्सरीतलं झाड हाय. कुनी औषध मारलं असंल त्याच्यावर. माझी लेकरं पटापटा मरतील."

बरोबरच होतं तिचं. औषधाचा नुसता वारा लागला तरी सगळी बॅच जाते. मी भांडलो, रुसलो, जेवलो नाही. शेवटी वडील मधे पडले. आमच्याकडं सून सासूला आत्याबाई म्हणते. वडील आईला म्हणाले, "तुला आत्याबाई व्हायचं हाय का न्हाई? का जलमभर आळ्यांचीच माय ऱ्हायचंय?"

आईनं ओल्या फडक्यानं एकेक काटा पुसला. मग एक सूप घेतलं, त्यात चार-दोन अळ्या टाकल्या, निवडुंगाला टेकवून ठेवलेला पाला त्यांना घातला आणि सूप बाहेर पडवीत ठेवलं. मी तिथंच बसून राहिलो. अळ्या खातायत का, हलतायत का! दुसऱ्या दिवशी अळ्या टुणटुणीत होत्या. "घे आत," आई म्हणाली, "पन जाळीजवळ, वाऱ्याला ठेव. दमटपनानं कुजंल ते." मी आईचे पाय धरले तर ती म्हणाली, "हात धुऊन ये आधी."

तेव्हापासून पाला टाकायला मी सगळ्यांच्या आधी शेडात. आत गेलो की पहिल्यांदा थर्मामीटर, मग लाल गोळा, मग अळ्या. पोरगं सुधारलं म्हणून आई शेजारपाजारी सांगत सुटली.

अळ्या पिकल्या. त्यांना कोष करायला चंद्रिकेवर, म्हणजे प्लास्टिकच्या जाळीवर, सोडलं. एकीला मात्र चंद्रिका पसंत पडली नाही. ती कधी निसटली कुणास ठाऊक! बघतो तर निवडुंगाच्या काट्यांत, लाल गोळ्याला चिकटून, पांढराशुभ्र कोष. मी उपटायला गेलो तर आई ओरडली, "आरं, धागं काट्यात आडकल्यात. गोळाच निघून यील!"

आणि नेमका त्याच आठवड्यात तिचा फोन आला. आले आहे, घेऊन या.

एसटीत सावलीची खिडकी धरली. ओला टॉवेल कुंडीभोवती गुंडाळला, पण थेंब मातीत पडू दिला नाही. शेजारचा म्हातारा म्हणाला, "कावून इतकं जपायलास, सोनं हाय का काय?" मी हो म्हणालो.

दारातच तिनं कुंडी हातात घेतली. "हे काय?"

मी वाटभर काय काय पाठ केलं होतं. तोंडातून निघालं, "फळ लागलं."

ती हसली, अशी हसली की आतून तिची आई बघायला आली. मग मी सगळं सांगितलं, माठ, शेळी, सूप, सगळं. ती ऐकत राहिली. कोषाला हलकंच बोट लावलं आणि कुंडी माझ्या हातात परत दिली.

"हे परत न्या. पाखरू निघंपर्यंत तिथंच राहू द्या, शेडात. आणि आत्याबाईंना सांगा, पुढच्या बॅचला पाला टाकायला मी आहे."

परत न्या! पुढचं कानावर पडलं, पण डोक्यात काही शिरलं नाही. वस्तू परत म्हणजे नकार. बसमधे मला रडू यायला लागलं होतं, खरंच सांगतो. एवढं जपलं, तीसच्या आत ठेवलं, आणि ही बाई परत न्या म्हणते!

आई शेडात चंद्रिकेवरचे कोष वेचत होती. मी दारातूनच कुंडी दाखवली.

"परत दिलं," मी म्हणालो.

आईचा चेहरा उतरला. "मग काय म्हनली?"

"काय म्हनती? शेडातच ठेवा म्हनली. आत्याबाईंना सांगा, पुढच्या बॅचला पाला टाकायला मी आहे. आता आपली आत्या तर परळीला असती, तिला काय सांगायचं?"

आईच्या ओच्यातले कोष खाली सांडले.

"आरं येड्या," ती म्हणाली, "आत्याबाई म्हंजी मी!"

माझ्या पायात चपला होत्या, हात धुतलेले नव्हते, अंगाला एसटीची धूळ होती. आईनं काही बघितलं नाही. निवडुंगासकट मला तसंच आत ओढलं.